जाळ्याचा आस

पौषातली अमावस्या. धान कधीच मिलमध्ये गेलं,
बांधीत आता लाखोळी, गुडघ्याखालीच, निळ्या फुलांची.
राइस मिलचा पत्रा दुपारचं ऊन अजून ओकतोय
म्हणून दुर्बीण उचलून तलावाच्या पाळीवर आणली,
सायकलवर, दोन खेपांत.

दवाखान्यात मी दिवसभर काचपट्टीवर हिवतापाचे जंतू मोजतो.
तिथे भिंग वाढवलं की जंतू वाढतो.
इथे तसं नाही
हे कळायला दोन हिवाळे गेले.

पहिल्या हिवाळ्यात दोनशे मिलीमीटरची लेन्स.
मृगाच्या तलवारीत मधोमध चार तारे असतात, दाटीने,
माझ्या फोटोत तिथे एकच पांढरा डाग,
चौकोनी.
तारा कधी चौकोनी असतो का?

दुसऱ्या हिवाळ्यात हावरेपणा.
हजार मिलीमीटरच्या नळीला बार्लो लावून दोन हजार केले.
आता एकेक तारा दहा पिक्सेल रुंद,
फार वेळ भिजलेल्या कणकेसारखा सैल.
उजेड वाटला गेला, प्रत्येक पिक्सेलला चिमूटभर,
बाकी सगळी कॅमेऱ्याची कुरकुर.

हिशोब तर काचपट्ट्यांच्या डब्यावर लिहून ठेवलेला, पेन्सिलीने:
पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर मिलीमीटरमध्ये,
गुणिले दोनशे सहा.
उत्तर विकलांमध्ये,
अंशाची साठावी कला, कलेची साठावी विकला.
त्या समीकरणात
हवा कुठेच नव्हती.

डोमाजी वलथरे जवळच जाळं सांधत होता,
माझ्यासाठी विडी ओंजळीत लपवून.
"पावने चार मायक्रॉन? म्हंजे केवढा आस?"
जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात, मला त्या रात्री कळलं.
माझ्या माउंटलाही आस आहे, ध्रुवाकडे रोखलेला.
तिसरी आस स्त्रीलिंगी,
तिच्याबद्दल बोलायचं नव्हतं म्हणून मी नट आवळत राहिलो.

"लायना आस टाकला त गारच येते, बाबू.
शेवार, काड्या, सारा. ओढता ओढता हात जाते.
मोठा टाकला त झिंगा हासत जाते."
"मग किती घ्यायचा?"
"तरा पाहून. आज पानी कसा हाये, थे पाहून."

आज पाणी कसं आहे.
मी वर पाहिलं.
व्याध निळा, हिरवा, तांबूस,
कढईतल्या फुटाण्यासारखा उडत होता.
दहा सेकंदांचे फोटो काढून एक साधा तारा मोजला:
चार विकला रुंद.
ही आजची हवा. हिच्याहून बारीक काही
हे आभाळ आज देणार नाही, कितीही भिंगं लावा.
चाराला दोनाने भागायचं, फार तर तिनाने.
म्हणजे दोन, नाहीतर दीडच्या आत थोडं.

बार्लो काढून डबीत ठेवला.
साडेसात हजारांचा होता, जिवावर आलं.
नुसत्या नळीवर पिक्सेलला पाऊण विकला.
दोन बाय दोन जोडून एक केला: दीड.
दव पडायला लागलं तशी नळीला कानटोपी घातली,
स्वतःची,
आणि दहा-दहा सेकंदांचे दोनशे फोटो, कान गार.

साडेअकराला स्क्रीनवर चार तारे.
कडा जराशा मऊ, टोकदार म्हणता येणार नाहीत.
पण गोल. वेगळे. चार.

डोमाजी वाकून बराच वेळ पाहत होता.
"झिंगे," म्हणाला, "चार.
ना एवढ्यासाठी दोन हिवारे?"
आणि डोंगा पाण्यात ढकलला.

जाळं पडलं तसं तलावातलं मृग फाटलं, व्याधासकट.
किती सेकंदांत पुन्हा जुळतं ते पाहावं म्हणून
मी मोजायला लागलो.
वीसपर्यंत मोजलं.
अजून हलतच होतं.